बत्तीस हजार तीनशे अकरा

बत्तीस हजार तीनशे अकरा या संख्येला दोनाने भाग जात नाही, हे बघताक्षणी कळतं. तिनाने जात नाही, कारण आकड्यांची बेरीज दहा येते. पाचाचा प्रश्नच नाही. साताने भागलं तर सहा उरतात, अकराने भागलं तर चार, तेराने पुन्हा सहा. सतराने अकरा उरतात आणि एकोणिसानेही अकराच. हे मी आत्ता कागदावर करून लिहीत नाही. दहा वर्षांची होते तेव्हापासून पाठ आहे.

ही संख्या मला माझ्या थोरल्या बहिणीने दिली, असं मी पुढची दहा वर्षं समजत होते.

आमचं गाव चाकूरजवळ, लातूर-नांदेड रस्त्यापासून थोडं आत. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा त्याच रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं आणि आमची सगळी वस्ती तिथे जाऊन बसली. माय, बाप, मी. उन्हाळ्याच्या सुट्टीत अक्काही आली. ती नांदेडला वसतिगृहात राहून बी.एस्सी. करत होती, गणित घेऊन. वस्तीतली कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी, त्यामुळे ती खडीवर बसली तेव्हा बायांना फार मौज वाटली. शेजारची काकी म्हणाली, "बसा बाई बसा. कालिजात हातोडा धरायचं शिकवतेत का न्हाई?"

"शिकवतेत की," अक्का म्हणाली. "पर तिथला फत्तर दिसत न्हाई."

मोठी माणसं दगड फोडायची आणि मी फुटलेली खडी टोपल्यात भरून ढिगावर टाकायची. मला कंटाळा यायचा. मग अक्काने मला आकडे फोडायला लावले. पुस्तकात याला अवयव पाडणं म्हणतात. आमच्या ढिगावर त्याचं फोडणं झालं. ती हातोडा मारता मारता एक संख्या सांगायची आणि मी टोपलं घेऊन जाऊन येईपर्यंत तिचे तुकडे सांगायचे. एकशे त्रेचाळीस. अकरा, तेरा. तीनशे एक्क्याण्णव. याला मला तीन फेऱ्या लागल्या. सतरा, तेवीस. तीनशे तेवीसला सतरा आणि एकोणीस. समसंख्या म्हणजे मुरूम, एका घावात भुगा. पाचावर संपणारी म्हणजे भेग पडलेला दगड. आणि जी कशानेच फुटत नाही, ती मूळ संख्या, तिला आम्ही काळा फत्तर म्हणायचो. शंभरापर्यंतचे पंचवीस काळे फत्तर मला आठवड्यात पाठ झाले.

"ह्या दोघी खडी फोडून राहिल्यात का वारा फोडून राहिल्यात?" काकी मायला विचारायची.

माय म्हणायची, "फोडू दे. मोजून घेतेत ती खडी, वाऱ्याला मोजमाप न्हाई."

अक्काने मला एक नियम शिकवला, तो असा. मोठी संख्या फोडायची असेल तर आधी हद्द बघायची. कुठल्या आकड्याला त्यानेच गुणलं की आपल्या संख्येच्या आसपास येतं, ते शोधायचं. त्या हद्दीपर्यंतच घाव घालायचे. लहान तुकडा नेहमी हद्दीच्या आत सापडतो. आत नाही सापडला तर तो काळाच फत्तर आहे, पुढे मारून फक्त हात दुखतात.

मी चौथी पास झाले होते आणि गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला चाकूरला जायचं तर पायी दीड तास, आणि बापाची एकट्या पोरीला पाठवायची तयारी नव्हती. एक दिवस टोपलं खाली ठेवून मी अक्काला सरळ विचारलं, मला नांदेडला नेशील का. तिथे तिच्याजवळ राहून मी शिकेन, तिचं पाणी भरीन, कपडे धुईन. ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. "बघू" म्हणाली आणि पुढचा दगड घेतला.

सुट्टी संपून ती गेली त्या सकाळी मी आणि माय पाण्याला गेलो होतो. टँकर उशिरा आला. आम्ही परत आलो तेव्हा ती पहिल्या एसटीने निघून गेली होती आणि उंबऱ्याशी माझी पाटी ठेवलेली होती. पाटीवर वर एक संख्या आणि खाली मजकूर: हा फोड. फुटला की कळव. मग तुला न्यायला येते.

इथपर्यंत तिने मला सगळे आकडे तोंडी सांगितले होते. लिहून दिलेला हा पहिलाच. बत्तीस हजार तीनशे अकरा.

एवढी मोठी संख्या मी कधी हातात घेतली नव्हती. पाटी एकच, म्हणून मजकूर पुसावा लागला. आकडा मी दाराच्या फळीवर कोळशाने लिहून ठेवला आणि कामाला लागले. आधी हद्द. एकशे ऐंशी गुणिले एकशे ऐंशी म्हणजे बत्तीस हजार चारशे, हे एकोणनव्वदने जास्त झालं. म्हणजे हद्द एकशे एकोणऐंशी. मग तळापासून घाव. सतरा आणि एकोणीस यांच्यापाशी मला खूप आशा होती, कारण तीनशे तेवीस माझ्या ओळखीचा होता आणि आकडा त्यानेच सुरू होत होता. दोन्हीकडे अकरा उरले. एक्केचाळीसला तीनच उरले तेव्हा मी भागाकार पुन्हा केला, चुकला असेल म्हणून. चुकला नव्हता. एका भागाकाराला पाटी दोनदा पुसावी लागायची. दिवसा खडी, संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत पाटी. मायने एकदा पाटीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि दाराची फळी पुसू नका असं घरात सांगून टाकलं.

बाविसावा घाव एकोणऐंशीचा. बाकी शून्य. एकोणऐंशी गुणिले चारशे नऊ. गुणाकार मी तीन वेळा केला. चारशे नऊ स्वतः फुटतो का तेही बघितलं. फुटत नाही.

मास्तरांकडून एक पोस्टकार्ड मागून आणलं आणि लिहिलं: अक्का, आकडा फुटला. ७९ आणि ४०९. न्यायला ये.

त्यानंतर मी एसटी बघायला लागले. आम्ही बसायचो ती जागा रस्त्याच्या एका कडेला आणि नांदेडहून येणारी गाडी थांबायची पलीकडच्या कडेला, दार आमच्या विरुद्ध बाजूला. त्यामुळे कोण उतरलं ते आधी दिसायचं नाही. गाडीच्या खालून फक्त पाय दिसायचे. गाडी हलेपर्यंत मी पाय बघायची. धोतराखालचे पाय, वहाणा, अनवाणी बायका, एकदा बूट. अक्काच्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता, तो मला कुठूनही ओळखू आला असता.

काकीच्या लक्षात आलंच. "काय गं बारके, नांदेड उतरून येनार हाय का गाडीतनं?"

"अक्का येणार हाय."

"सांगितलंय का तिनं?"

"लिहून दिलंय."

"मग येईल," काकी म्हणाली. काकी टोचून बोलायची, पण तेव्हा तिने ते साध्या आवाजात म्हटलं आणि हातातला दगड फोडायचा थांबवून तीही गाडी जाईपर्यंत बघत बसली.

महिन्याभराने बापाच्या नावाने पत्र आलं. तब्येत बरी आहे, अभ्यास चालू आहे, बारकीला म्हणावं अभ्यास सोडू नको. बाकी काही नाही. आकड्याबद्दल एक अक्षर नाही. मी ते पत्र मागून घेतलं आणि मागची बाजूही बघितली.

शाळा सुरू होऊन गेली. ते वर्ष माझं घरी गेलं. मला आता राग आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ढिगावर माझ्या शेजारी जिथे ती बसायची ती जागा मी कुणाला बसू द्यायची नाही. तिथे टोपलं ठेवायची. आकडे मी अजूनही फोडत होते, पण मनातल्या मनात, कारण तोंडी सांगणारं कुणी नव्हतं आणि बरोबर म्हणणारंही कुणी नव्हतं. बरोबर आलेलं उत्तर ऐकायला माणूस नसेल तर त्या उत्तराचं काय करायचं, ते मला कळत नसे.

पुढच्या वर्षी वस्तीतल्या आणखी दोन मुली चाकूरला निघाल्या तेव्हा बापाने मलाही पाठवलं. तिघी चालत जायचो. मी मॅट्रिक झाले, बारावी झाले, टायपिंग शिकले. अक्का शिकून नांदेडलाच शिक्षिका झाली, लग्न झालं. सणावाराला यायची, मला पुस्तकं आणायची, मायला लुगडं आणायची. आमचं बरं चालायचं. पण आकड्याचा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. मला वाटायचं, मी माझं काम केलं होतं. शब्द तिचा राहिला होता. विचारायचं तिने.

लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा मला तिथल्या एका कचेरीत लिपिकाची जागा मिळाली. नवा जिल्हा म्हणजे जुन्या जिल्ह्यातून आलेली दप्तरं. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे ट्रकने यायचे आणि आम्ही ते सोडून, तालुकावार लावून, याद्या नव्याने करायचो. रेणापूरच्या बाजूच्या गावांच्या जमिनींची एक यादी माझ्याकडे होती. मूळ यादी कुणीतरी इंग्रजी आकड्यांत हाताने लिहिलेली, मला ती मराठीत उतरवायची होती. मी भराभर उतरवली. माझा हात चांगला होता आणि तो चांगला आहे हे मला माहीतही होतं.

आमच्या शाखेत एक वयस्कर भाऊसाहेब होते, निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी यादी तपासली आणि मला बोलावलं.

"बाई, ह्या गावात अकरा नंबरचं शेत कुठून आणलंत?"

"यादीत आहे."

"यादीत न्हाई. त्या गावचा अकरा नंबर नदीत हाय. तिथं मासे कास्त करतेत." शेजारचे दोघे हसले. भाऊसाहेबांनी मूळ कागद माझ्यापुढे सरकवला. "हे इंग्रजी नऊ हायत. दोन नऊ. नव्याण्णव. तुम्ही मराठी एक समजलात. लई जणांची ही गलती होते, शेपूट बघत न्हाईत. कबूल करा अन् दुरुस्त करा."

मी कबूल केलं आणि दुरुस्त केलं. पुढचे चार नंबर लिहिले. पाचव्याला माझा हात थांबला.

इंग्रजी नऊ आणि मराठी एक. दोन्ही दिसायला तेच, वर गोल आणि खाली शेपूट. चौथीच्या पोरीला इंग्रजी आकडे कुठून माहीत असणार, इंग्रजी पाचवीपासून. आणि कॉलेजात तिसऱ्या वर्षाला निघालेल्या मुलीच्या हाताला इंग्रजीच आकडे येणार, सगळं गणितच इंग्रजीतून. दोन आणि तीन दोन्हीकडे सारखेच वळतात. मला पाटी डोळ्यांपुढे दिसली. तिच्या तिनांना खालची शेपटी नव्हती. मला तेव्हा वाटलं होतं की गाडीच्या घाईत राहिली असेल.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही. कागद घेतला. बत्तीस हजार तीनशे नव्याण्णव. आधी हद्द. एकशे ऐंशी गुणिले एकशे ऐंशी, बत्तीस हजार चारशे.

एकच कमी.

वर्गातून एक वजा केला की उरलेली संख्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आकड्यांत फुटते. सहा सक छत्तीस, त्यातून एक गेला की पस्तीस, म्हणजे पाच आणि सात. तसंच हे. एकशे एकोणऐंशी गुणिले एकशे एक्क्याऐंशी. दोन्ही मूळ संख्या, मधे फक्त एक घर सोडून शेजारी. अशा जोडीला जोडमूळ संख्या म्हणतात. तळापासून एकेक घाव घालत गेलं असतं तर ही संख्या एक्केचाळिसाव्या घावाला फुटली असती, हद्दीतल्या अगदी शेवटच्या. त्याहून चिवट आकडा त्या हद्दीत मिळणं अवघड. आणि हद्द काढतानाच जरा थांबून बघितलं असतं तर एकही घाव लागला नसता.

रविवारी सकाळच्या गाडीने मी नांदेडला गेले. अक्काचे यजमान बाहेरगावी होते. ती भाकरी थापत होती. मी पाणी प्यायले, ओट्याशी उभी राहिले आणि कागद काढून तिच्यासमोर धरला. वर बत्तीस हजार तीनशे नव्याण्णव आणि खाली बत्तीस हजार तीनशे अकरा.

ती पिठाच्या हाताने कागदाला न शिवता वाचत राहिली. मग तव्यावरची भाकरी उलटवली.

"नऊला एक वाचलीस?"

"हो."

"म्हणून एकोणऐंशी."

"म्हणून एकोणऐंशी. तुला कार्ड मिळालं होतं तर."

"मिळालं होतं. मला वाटलं, अंदाजाने काहीतरी ठोकलंयस. कंटाळलीस अन् दोन आकडे लिहून मोकळी झालीस."

"गुणून बघायचंस ना. शेवटचे दोन आकडे बघून कळलं असतं तुला."

"कळलं असतं." तिने गॅस बारीक केला. "न्हाई गुणलं."

ती स्टुलावर बसली आणि हात पदराला पुसत म्हणाली, "खरं सांगू का. तुला कुठं ठेवणार होते मी? वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघी. बाहेरचं माणूस सापडलं तर माझीच जागा गेली असती. अन् तुला न्हाई म्हणवत नव्हतं. तू टोपलं खाली ठेवून विचारलंस ते मला दिसायचं सारखं. म्हणून असा आकडा काढला. तळातून आलीस तर दमशील अन् सोडशील. हद्दीपाशी थबकलीस तर लगेच फुटेल. म्हटलं, बघू. मला ठरवता येत नव्हतं, आकड्यावर सोडलं."

"आणि फुटला असता तर?"

"तर आले असते. कसंही करून. शब्द दिला होता."

"कार्ड वाचून काय वाटलं?"

"आधी बरं वाटलं," ती म्हणाली. "मग लई दिवस बरं वाटलं न्हाई."

भाकरी करपायला लागली होती, ती मी उतरवली. आम्ही जेवलो. जेवताना तिने मला कचेरीतलं विचारलं, मी तिला शाळेतलं विचारलं. मला शिक्षण मिळालं होतं, नोकरी मिळाली होती, तिने काही माझं आयुष्य बुडवलं नव्हतं. एक वर्ष उशीर झाला, इतकंच. हिशेबाने पाहिलं तर तक्रारीला जागा नव्हती. पण मी बसमध्ये सगळी वाट ज्याचा विचार करत आले होते ते शिक्षण नव्हतंच. मला तिच्या शेजारी बसून आकडे फोडायचे होते, अकरा वर्षांची, बारा वर्षांची, तेरा वर्षांची असताना. ती वर्षं दोघींनी वेगवेगळ्या गावांत एकेकटीने काढली होती.

ताटं धुऊन झाल्यावर ती म्हणाली, "चल, दाखवते."

"काय?"

"ती खोली."

वसतिगृह चालत पाऊण तासावर होतं. पहारेकरी बाईने अक्काला ओळखलं. मुली सुट्टीला गावी गेल्या होत्या, खोली रिकामी होती. तिने दार ढकललं आणि मला आधी आत जाऊ दिलं. चार लोखंडी खाटा, भिंतींना टेकवलेल्या. एका खाटेच्या उशाशी कोनाडा. "ही माझी," अक्का म्हणाली. खाटांच्या मधली जागा मी पावलांनी मोजली. लांबीला पाच पावलं भरली, रुंदीला जेमतेम दोन. एकदा उलट बाजूने मोजली, तेवढीच भरली. अक्का दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिचं म्हणणं बरोबर होतं. पाचवी खाट तिथे कशीच मावली नसती.

"मी खाली झोपले असते," मी म्हणाले.

"हाव," अक्का म्हणाली. "झोपली असतीस."